बोटांवरच्या रेघा

"दाबा आबा, जोर लावा."

"लावला की रं. आणखी दाबलं तर कागद फाटंल."

बद्रीनाथनं वडलांचा अंगठा शाईच्या पॅडवरून उचलून पांढऱ्या कागदावर टेकवला. सात वर्षांची राणू भिंग घेऊन वाकली. धाकटी छकू तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

"तीन रेघा," राणू म्हणाली. "बाकी सगळं काळंच."

"काल किती होत्या?"

"दोन."

"म्हंजे वाढ हाय," आबा हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

राणूनं ठशाखाली तारीख घातली आणि कागद फ्रिजवर चिकटवला. सून दमयंती भाजी चिरता चिरता थांबून कागदाकडं बघून गेली. पुण्याच्या व्हिसाच्या ऑफिसात जायला सोळा दिवस राहिले होते.

आबा म्हणजे कडूबा. शहराच्या पाणीपुरवठ्यात एकतीस वर्षं लाइनमन. छातीएवढी उंच लोखंडी चावी घ्यायची, रस्त्यावरच्या चेंबरचं झाकण उचलायचं, खाली चावी घालून व्हॉल्व फिरवायचा आणि ज्या गल्लीची पाळी तिला पाणी सोडायचं, हे काम. एवढ्या वर्षांत बोटांवरच्या रेघा त्या चावीनं खाऊन टाकल्या होत्या. शहागंजातल्या रेशन दुकानदारानं तर हातच टेकले होते. "चाचा, मशीन आपको पैचानताच नै," असं म्हणून तो बद्रीनाथचा अंगठा घ्यायचा. पासपोर्टाच्या वेळी तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा कशीबशी बोटं उमटली. आता व्हिसाला पुन्हा दहाही बोटं हवी होती.

आबांच्या मनात वेगळाच सल होता. चाळिशीपर्यंत त्यांनी मस्टरवर अंगठाच लावला. कारकून दोन बोटांच्या चिमटीत त्यांचा अंगठा धरायचा आणि सोडल्यावर आपलीच बोटं रुमालाला पुसायचा. त्या पुसण्यापायी आबा एक अख्खा हिवाळा प्रौढांच्या वर्गाला गेले. शेजारी नातवंडं झालेली माणसं बसायची, पाटीवर बाराखडी गिरवायची. हिवाळा संपला तेव्हा त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत होतं. त्यानंतर त्यांनी शाईला कधी अंगठा लावला नाही. आणि आता एकाहत्तराव्या वर्षी जग परत बोटंच मागत होतं.

सहल स्वित्झर्लंडची होती. बद्रीनाथ वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. लग्नाला दहा वर्षं झाली तरी बायकापोरांना घेऊन तो कुठं लांब गेला नव्हता. मेमधली रजा मंजूर झाली, प्रवासी कंपनीच्या गटात पाच जागा घेतल्या. आबांना न्यायचं कारण छकू. आजी द्वारकाबाई गेल्यापासून पोर आबांच्या हातूनच जेवायची आणि त्यांच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायची नाही. दमयंती सरळच म्हणाली होती, "आबा नसले तर ही विमानात बसल्यापासून उतरेपर्यंत रडणार. मग तुमचे ते डोंगर तुम्हीच बघा."

आबांचं स्वतःचंही एक कारण होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सहलीच्या माहितीपत्रकात एका सरोवराचं चित्र होतं. निळंशार पाणी, काठाला हिरवळ, मागं बर्फाचे डोंगर.

"हे पाणी कुठून आणलंय?" त्यांनी राणूला विचारलं होतं.

"आणलं नाही आबा. ते तिथंच असतं."

"नुसतंच पडून हाय? अन् कुणी भांडत नाय?"

राणू खो खो हसली. आबांनी ते पान घडी घालून उशीखाली ठेवलं. एकतीस वर्षं त्यांनी पाणी पाइपातच पाहिलं होतं, घड्याळावर, शिव्या खात.

डॉक्टरांनी सांगितलं, हातांना पूर्ण आराम द्या, कातडी नवी येईल, थोड्या रेघा दिसतील. तेव्हापासून आबांना झाडू बंद, बादली बंद. दमयंती रोज संध्याकाळी त्यांच्या बोटांना ग्लिसरीन चोळायची. सुनेनं हात चोळायचे म्हणून ते अवघडून भिंतीकडं बघत बसायचे. फ्रिजवरचे ठसे वाढत गेले. पाच रेघा, आठ रेघा. पंधराव्या दिवशी राणू ओरडली, "आबा, गोल गोल दिसायलंय!"

सोळाव्या दिवशी, रविवारी, दुपारी चारला गाडीनं पुण्याला निघायचं, बद्रीनाथच्या मित्राकडं मुक्काम करायचा आणि सोमवारी सकाळी ऑफिसात हजर व्हायचं, असं ठरलं होतं. बॅगा गाडीत गेल्या. आबांनी धुवट सदरा घातला. आणि साडेतीनला गल्लीत आरडाओरडा सुरू झाला.

गल्लीला पाणी येऊन नऊ दिवस झाले होते. आज पाळी होती. पाइपात पाणी येऊन थांबलं होतं, पण व्हॉल्व फिरत नव्हता. लाइनमन पुंजाराम चावीला लोंबकळून घामाघूम झाला होता. ही पाळी साडेचारपर्यंतच. मग मुख्य लाइन पुढच्या भागाला जाणार आणि गल्ली आणखी नऊ दिवस कोरडी.

आबा दाराशी आले. बद्रीनाथ मागोमाग आला.

"आबा, तुम्ही गाडीत बसा."

"बघतो नुसतं."

"नुसतं बघायचं. हात खिशात."

आबांनी खरंच हात सदऱ्याच्या खिशात घातले आणि चेंबरपाशी जाऊन उभे राहिले. तो व्हॉल्व त्यांनीच बसवला होता. "पुंजाराम, सोडू नको. आधी आवळ. पाव फेरा आवळ, मग सैल दे."

"आवळला मामा. जागचा हलंना."

"जास्त आवळला तू. जिथं ढिला लागतो तिथंच थांबायचं."

"कुठं ढिला लागतो? मला तर समदा सारखाच लागतोय!"

चावी कण्हली. आबा एक पाऊल पुढं सरकले. व्हॉल्वचा दांडा तुटला असता तर रस्ता खोदावा लागला असता, मग दोन महिने पाणी बंद.

शेजारच्या वच्छलाबाई घागर आपटत पुढं आल्या. त्यांच्या घरात लेक बाळंतीण होऊन आठच दिवस झाले होते. "कडूबाभाऊ, खिशात हात घालून काय ज्ञान सांगायलेत? लेकराची दुपटी धुवायला घरात तांब्याभर पाणी नाय. तुम्ही चालले बर्फ बघायला, आम्ही काय वाळू प्यावं?"

"काकू, मी टँकर सांगतो," बद्रीनाथ म्हणाला.

"रविवारी कोण टँकर देतो रे बाबा? सकाळपासून फोन लावायले आम्ही."

दमयंती घरातून भांडी घासायचे केशरी रबरी हातमोजे घेऊन धावत आली. "आबा, लावायचाच असला हात तर हे घाला."

आबांनी मोजे घातले. पुंजारामच्या नव्या चावीला वर धरायला पाइपाऐवजी सळईचा तुकडा जोडलेला होता, अंगावर आडवे दातरे असलेला. आबांनी पकडून हलकेच फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. "ह्याच्यातून कळंना," ते म्हणाले आणि मोजे काढायला लागले.

बद्रीनाथनं त्यांचं मनगट धरलं. "आबा, उद्या सकाळी दहा वाजता बोटं द्यायची आहेत. सोळा दिवस पोरगी रेघा मोजायली. तुम्ही आता नोकरीत नाहीत. हे तुमचं काम नाही."

"नाय ना," आबा म्हणाले.

"मग काहून?"

आबांनी राणूकडं पाहिलं. ती गाडीच्या दाराशी उभी होती, छकूचा हात धरून. मग त्यांनी मनगट सोडवून घेतलं. "घड्याळ बघ. किती झाले?"

"चार."

त्यांनी उघड्या हातांनी सळई धरली. डोळे मिटले. पाव फेरा आवळला, थांबले, तळव्याखाली काहीतरी केसभर सरकलं, तसा अंगाचा सगळा भार टाकून त्यांनी उलटा फेरा दिला. सळईचे दातरे नव्या कातडीत रुतले. दुसरा फेरा. तिसऱ्याला पाइप खाली गुरगुरला. "सुटलं! सुटलं!" बायका ओरडत घरोघर पळाल्या. मोटारी लागल्या. वच्छलाबाई मात्र पळाल्या नाहीत. त्या सळईकडं बघत होत्या. तिच्यावर रक्त लागलं होतं.

बद्रीनाथ गाडीत जाऊन बसला. पुण्यापर्यंत त्यानं आरशातूनही मागं पाहिलं नाही. दमयंतीनं आबांच्या बोटांना तुपाच्या चिंध्या गुंडाळल्या, आणि छकू त्यांचा कान धरून मांडीवर झोपून गेली.

सकाळी ऑफिसातल्या मुलीनं चिंध्या सोडायला सांगितल्या. हात बघून तिनं ओठ दाबले. तरी तिनं चारदा काच पुसली, चारदा बोटं ठेवायला लावली. पडद्यावर काळे डाग यायचे आणि जायचे.

"बाबा, हात बरे झाले की परत यावं लागेल."

"कधी?"

तिनं संगणकात पाहिलं. "पुढची तारीख एकवीस मे."

सहल पाच मेला निघणार होती. गटाची तिकिटं, कंपनीची रजा, काहीच हलणारं नव्हतं.

"मी सही करतो की," आबा म्हणाले. "पूर्ण नाव लिहितो."

"सही झालीय बाबा तुमची. छान आहे. पण बोटं लागतात."

आबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर बद्रीनाथ पायरीवर बसला आणि त्यानं डोकं हातात धरलं. "सगळंच रद्द करू," तो म्हणाला.

"वेडा का खुळा तू? पोरींनी काय केलंय?" आबा शेजारी बसले. "छकूला पंधरा दिवसांत दमयंतीच्या कानाची सवय लाव. कान काय, कानासारखाच असतो."

बद्रीनाथला हसू आलं नाही. पण आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच त्यानं बापाकडं पाहिलं आणि सुटलेली चिंधी नीट बांधली.

पाच मेला चौघं गेली. छकू दारातून गाडीत बसेपर्यंत रडत होती. आबा घरात आले आणि उशीखालचं पान काढून पुन्हा घडी घालून ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर राणूचं नाक, मग आभाळ, मग ते सरोवर. हुबेहूब चित्रातलं. काठावर कुणी भांडत नव्हतं. एक म्हातारा बाकावर बसून पाव खात होता.

"आबा, दिसलं का पाणी?"

"दिसलं, दिसलं. लई हाय."

छकू मध्ये घुसली. "आबा, इथं पाणी कोण सोडतं?"

आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "आसंल तिथला कुणीतरी," ते म्हणाले. "त्याला रामराम सांग माझा."

"आणि ठसा लावला का आज?" राणूनं विचारलं. "मी आल्यावर बघणार आहे."

फोन ठेवल्यावर आबांनी पॅड शोधलं. फ्रिजवरच्या कागदावर शेवटच्या ठशाखाली जागा होती. त्यांनी अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. भिंगाची गरज नव्हती. मधल्या भोवऱ्यापासून कडेपर्यंत एकेक रेघ सुटी उमटली होती. किती वेळ ते बघत राहिले. मग खाली सावकाश तारीख घातली आणि तिच्यापुढं पूर्ण नाव लिहिलं.

"मामा!" बाहेरून पुंजारामची हाक आली. "पाणी आलंय, पण पुन्हा तेच! फिरंना!"

"आलो," आबा म्हणाले. दारामागं त्यांची स्वतःची जुनी चावी उभी होती, त्या रविवारनंतर माळ्यावरून उतरवलेली. शाई पुसायचीही न थांबता त्यांनी ती खांद्यावर घेतली.