लाँड्रीमागचं गटार

गल्लीत त्यांना सगळे कडककाका म्हणायचे. एक तर त्यांनी इस्त्री केलेली कॉलर इतकी कडक असायची की माणसाला दिवसभर मान जपून वळवावी लागे. दुसरं कारण त्यांची जीभ. लाँड्रीच्या काउंटरमागे उभं राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला चार शब्द सुनावायचे, आणि लोक ते ऐकूनही घ्यायचे, कारण स्वतः काकांचं वागणं चोख होतं. दुकानात फरशीवर धागा सापडायचा नाही. दिलेल्या दिवशी कपडे तयार म्हणजे तयार.

प्रत्येक कपडा हँगरला लावून वर पातळ प्लास्टिकचं कव्हर चढवायचं, ही त्यांची पद्धत. कव्हरवर निळ्या अक्षरांत दुकानाचं नाव आणि खाली एक ओळ, ‘डाग आमचा, रुबाब तुमचा’. ही ओळ त्यांना स्वतःलाच एकदा दाढी करताना सुचली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

कव्हरं फाटायची. रोल संपताना शेवटचा हातभर तुकडा वाया जायचा. गिऱ्हाइकं जुने हँगर परत आणून द्यायची, त्यांना आधीची कव्हरं तशीच लोंबत असायची. कचऱ्याची गाडी सकाळी आठला येऊन जायची आणि दुकान उघडायचं नऊला. मग संध्याकाळी झाडू मारून झाला की काका सगळा केर मागच्या दाराशी नेत आणि बाहेर लोटून देत. मागे जेमतेम माणूस मावेल एवढी बोळ होती, बोळीत गटार होतं, ते पुढे गल्लीतल्या गटाराला मिळायचं. दार लावलं की विषय संपला. तीस वर्षांत त्यांनी त्या दाराबाहेर डोकावून पाहिलं असेल तर चार-पाच वेळा, तेही तिथला नळ गळायला लागला म्हणून.

त्या वर्षी एका दुपारी तासभर जोराचा पाऊस झाला आणि गल्लीतलं गटार उलटं वाहायला लागलं. सगळ्यात जास्त नुकसान झालं ते अण्णांचं. अण्णांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होतं. पाणी आत शिरलं ते थेट खालच्या खणांपर्यंत. लोकांनी विश्वासाने ठेवायला दिलेली घड्याळं त्या खणांत होती. पुढचे कितीतरी दिवस अण्णा टॉवेलवर एकेक घड्याळ उघडून ठेवायचे आणि भिंग डोळ्याला लावून चाकं पुसत बसायचे. तोंडाने काही बोलायचे नाहीत.

बोलले ते काका. गल्ली जमली होती, जो तो गटाराकडे बघून नाक मुरडत होता. कोपऱ्यावर एक बाई मोसंबीच्या रसाची गाडी लावायची. तिच्या गाडीशेजारी प्लास्टिकच्या वापरलेल्या पेल्यांचं पोतं भरून उभं होतं. काकांनी त्याच्याकडे बोट केलं.

“आणखी कुठे शोधायला नको. पुरावा डोळ्यांसमोर आहे.”

“काका, मी पेले असेच पोत्यात भरून रोज घेऊन जाते,” ती म्हणाली. “गटारात एक टाकत नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

तिची गाडी हलवावी असा वॉर्ड ऑफिसला अर्ज काकांनीच लिहिला, त्यांच्या त्या वळणदार अक्षरात. सह्याही त्यांनीच दारोदार फिरून घेतल्या. फक्त अण्णांनी केली नाही. “तिला टाकताना मी पाहिलेलं नाही,” ते म्हणाले, “मग सही कशाची करू?” काका मनात म्हणाले, ज्याच्यासाठी धावपळ करतोय त्यालाच कदर नाही.

आठ दिवसांनी वॉर्ड ऑफिसची माणसं आली आणि तिला गाडी हलवायला सांगून गेली. ती एकटीच गाडी ढकलत लाँड्रीवरून गेली. काका इस्त्री करत होते. त्यांनी मान वर केली नाही. पण तेव्हा आपल्याला मनातून बरं वाटलं होतं, हे त्यांना पुढे फार स्पष्ट आठवायचं.

गाडी गेली, तरी पुढच्या पावसाला पाणी परत चढलंच. तेव्हा गल्लीने ठरवलं की रविवारी सगळ्यांनी मिळून गटार उपसायचं. पुढाकार अर्थातच काकांचा. त्यांनी सगळ्यांसाठी हातमोजे आणले, फावडी गोळा केली, कोण कुठल्या झाकणाशी उभं राहील ते नेमून दिलं. स्वतः अण्णांबरोबर घड्याळाच्या दुकानासमोरचं झाकण घेतलं.

वरचा गाळ निघाला. खाली काहीतरी अडकलं होतं. काकांनी आकडा टाकून ओढलं तर जाड दोरासारखं काहीतरी हाताला लागलं. ओढलं तसं ते येतच राहिलं, काळं, बुळबुळीत, पीळ पडलेलं. बाहेर काढून अण्णांनी त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पीळ सुटला. आत पातळ, पारदर्शक प्लास्टिक होतं, घडीवर घडी, आणि त्यावर निळी अक्षरं. चिखलाने दुकानाचं नाव पुसट झालं होतं. खालची ओळ मात्र लख्ख होती. डाग आमचा.

हातातला आकडा कुठे ठेवावा तेही काकांना सुचेना.

अण्णांनी चष्मा नीट करून ते वाचलं. एकदा काकांकडे पाहिलं. मग कव्हराची घडी करून पोत्यात टाकली आणि म्हणाले, “घ्या, पुढचं ओढा.”

पुढचं ओढलं. तेही तेच. त्याच्या पुढचंही. मधे रसाचे पेले निघाले सहा-सात, बिस्किटांचे पुडे निघाले, एक चप्पल निघाली. बाकी सगळं लाँड्रीचं. काका एकेक गुंडाळी अक्षरं आत जातील अशी दुमडून घाईघाईने पोत्यात कोंबत होते. बाकीची मंडळी पुढच्या झाकणाशी होती, पण कोणी इकडे यायला लागलं की काका पोत्यासमोर उभे राहायचे. पोतं भरल्यावर तोंड त्यांनीच बांधलं, दोन गाठी मारून.

“काय निघालं हो काका एवढं?” कोणीतरी विचारलं.

“काय निघणार. प्लास्टिक.”

“त्या रसवालीचंच असणार. बरं झालं घालवली तिला.”

काकांनी पोत्याची गाठ आणखी आवळली. नाही म्हणाले नाहीत. अण्णा बाजूला वाकून हात धूत होते, त्यांनी हे ऐकलं हे काकांना त्यांच्या पाठीवरून कळलं. मग सगळ्यांनी पोत्यांसमोर उभं राहून फोटो काढला. काकांना मधे उभं केलं.

घरी येऊन त्यांनी दोनदा अंघोळ केली. बायको आतल्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होती. ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, “गटारात आपलीच कव्हरं होती. जवळजवळ सगळी आपलीच.”

तिने चादर तशीच हातात धरली. “मागच्या दाराने टाकता ती ना?”

“तुला माहीत होतं?”

“मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे,” ती म्हणाली.

रागवायचं म्हटलं तर कोणावर, हा प्रश्नच होता. त्या संध्याकाळी ते जेवायला बसले तेही भिंतीकडे तोंड करून.

सोमवारी सकाळी आठच्या गाडीला त्यांनी स्वतः कचरा नेऊन दिला. एवढं साधं काम होतं, तासभर आधी उठायचं. मग दुकान बायकोवर सोपवून ते रसवालीला शोधायला निघाले. दोन चौक पलीकडे, एका दवाखान्याच्या फाटकाशी ती सापडली. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत तीन-चारदा जुळवलं होतं.

तिने त्यांना लांबूनच पाहिलं. पाहिल्याबरोबर सुरी ठेवली आणि खाली वाकून गाडीभोवतीचे दोन-तीन पेले भराभर उचलून पोत्यात टाकले. काका जवळ पोचेपर्यंत ती ताठ उभी होती.

“इथे मी कचरा करत नाही काका. बघा, हे पोतं.”

“नाही, नाही,” ते म्हणाले. “मी रस प्यायला आलोय.”

तिने रस काढून दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या प्यायला, गोड होता की आंबट ते त्यांना कळलं नाही, आणि ते वळून चालायला लागले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, रिकामा पेला हातातच आहे. तो टाकायचा धीर झाला नाही. पेला खिशात घालून ते दुकानात आले आणि दिवसभर कोणाशी धड बोलले नाहीत. गिऱ्हाइकांना वाटलं, काकांची तब्येत बरी नाही.

पुढच्या रविवारी गल्लीची बैठक होती, अण्णांच्या दुकानासमोर, खुर्च्या टाकून. पाणी आता झरझर वाहत होतं, लोक खुशीत होते. कोणीतरी सुचवलं की कोपऱ्यावर एक फलक लावू या, स्वच्छ गल्ली म्हणून, आणि त्यावर काकांचं नाव घालू या. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

काका उभे राहिले.

“माझं नाव घालू नका,” ते म्हणाले. “गटार मी तुंबवलं होतं.”

लोकांना वाटलं काहीतरी विनोद करतायत. एकजण हसलासुद्धा.

“त्या दिवशी पोत्यात माझी कव्हरं होती. माझ्या दुकानाचं नाव असलेली. तीस वर्षं मी मागच्या दाराने लोटतोय. अण्णांचं दुकान माझ्यामुळे भिजलं. आणि मी अर्ज केला त्या बाईविरुद्ध. गेल्या रविवारी मला कळलं होतं, तरी मी तोंड बांधून ठेवलं. पोत्याचं पण आणि माझं पण.”

आता कोणी हसलं नाही. मग एकजण म्हणाला, “जाऊ द्या हो काका, एकट्या तुमचं थोडंच होतं. झालं गेलं.” दुसऱ्याने मान हलवली आणि पाण्याच्या मोटारीचा विषय काढला. सह्या करणाऱ्या सगळ्यांनाच त्या विषयावरून पुढे सरकायची घाई झाली होती. काकांना वाटलं होतं की लोक फाडून खातील. ते जड गेलं नसतं. हे इतकं सहज विझून जाणं त्यांना सोसेना.

सगळे पांगल्यावर ते अण्णांसोबत खुर्च्या आवरायला थांबले.

“तुम्ही त्याच दिवशी का नाही बोललात?” त्यांनी विचारलं.

“म्हटलं, तुम्ही बोलाल.” अण्णांनी खुर्ची दुमडली. “आजपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. आज तुम्ही गप्प बसला असतात तर मी बोलणार होतो.”

“आणि घड्याळं?”

“बारा चालू झाली. तीन नाही होणार. त्यातलं एक एका बाईच्या वडिलांचं होतं. तिला काय सांगायचं ते मला अजून जमलेलं नाही.”

“मी सांगतो तिला,” काका म्हणाले. “मला पत्ता द्या.” अण्णांनी दिला, आणि काका खरंच गेले. ती बाई दार अर्धवट उघडून ऐकत राहिली, शेवटी “बरं” म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वॉर्ड ऑफिसात अर्ज मागे घ्यायला गेले, तर तिथला कारकून म्हणाला की निकाली निघालेला अर्ज मागे घ्यायची सोय नाही, हवं तर नवा अर्ज करा. काकांनी नवा अर्ज लिहिला. त्यात स्वतःचं नाव घालून काय घडलं ते लिहिलं, त्याची एक प्रत घेतली आणि ती घेऊन परत दवाखान्याच्या फाटकाशी गेले. या वेळी त्यांनी रस मागितला नाही. सगळं सांगितलं. ती मोसंबी कापत ऐकत होती.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली. “अण्णा येऊन गेले बैठकीनंतर.” मग पुढची मोसंबी उचलत म्हणाली, “काका, आधी माझ्याकडे काचेचे ग्लास होते. आठवतात?”

काकांना आठवत नव्हते.

“दोन डझन. धुवायला पाणी लागायचं म्हणून तुमच्या मागच्या नळाचं विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हा लाँड्रीचा नळ आहे, धर्मशाळेचा नाही. मग ग्लास विकून टाकले आणि हे पेले आणले.”

तिच्या आवाजात राग नव्हता. रस्ता सांगावा तसं सांगत होती. काकांनी आठवायचा खूप प्रयत्न केला, पण तो दिवस, ते वाक्य, काहीच हाती लागेना. वाक्य मात्र त्यांचंच होतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. आणखी अशी किती वाक्यं कोणाकोणाजवळ पडून असतील, या विचाराने त्यांनी गाडीचा कठडा धरला.

“परत या कोपऱ्यावर,” ते म्हणाले. “अर्जात तसं लिहिलंय. नळ वापरा, कधीही.”

“नाही यायची मी. इथे रखवालदाराला पाण्याचं विचारलं तर तो लगेच हो म्हणाला. माझं बरं चाललंय.”

“मग निदान ग्लास तरी आणून देऊ?”

तिने सुरी पुसली. “आणायचे तर आणा.”

लाँड्रीत आता कापडी कव्हरं होती. बायकोने कोणी न्यायला न आलेल्या जुन्या चादरींची ती शिवली होती, आणि गिऱ्हाइकाने ती परत आणायची असा नियम होता. काही जण विसरायचे, काही कुरकुरायचे, दोन-तीन घरं दुसऱ्या लाँड्रीकडे गेली. कोणी कारण विचारलं तर काका आडपडदा न ठेवता सांगायचे, आणि सांगताना दर वेळी त्यांची नजर काउंटरवर खाली जायची. ते काही सवयीचं झालं नाही.

आठवड्याने ते दोन डझन ग्लास घेऊन फाटकाशी गेले. तिने खोकं उघडून एकेक ग्लास उजेडात धरून पाहिला. काका गिऱ्हाइकांच्या बाजूला उभे राहिले. एका ग्लासाला बारीक तडा होता. तो तिने बाजूला काढून त्यांच्या हातात दिला.

“हा बदलून आणा,” ती म्हणाली.

“आणतो,” काका म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी बदलून घेऊन गेले.