फोन बिघडलाय म्हणे!

मित्रांनो, येरवड्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात, फ्रिजवर अंथरलेल्या विणलेल्या रुमालावर एक जुना स्मार्टफोन पडलेला असतो. काचेच्या कोपऱ्याला तडा, पाठीवर मळकं रबरी कव्हर. तो मी. माझ्या आयुष्यातला बराच काळ मी गोंधळात काढला आहे. माझं काय चुकतंय, हेच मला कळत नव्हतं.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझ्या पोटात कितीतरी भाषा भरल्या. मालक मागेल ती पुढे करायची, एवढंच माझं शिक्षण. पुण्यात मला शर्मिलाने विकत घेतलं. ती हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत होती. तिने मला इंग्रजीत ठेवलं. कंपनीच्या बसमध्ये ती मैत्रिणींना म्हणायची, "याचा कॅमेरा बघ गं!" आणि मी ऐटीत चमकायचो.

मग कंपनीने तिला पोलंडला पाठवलं. जाताना तिने नवा फोन घेतला आणि मला स्वच्छ पुसून वडिलांच्या हातात ठेवलं. "बाबा, सगळं मराठीत करून दिलंय. मी रोज मेसेज लिहीन. आईलाही वाचून दाखवत जा."

रामदासराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मूळचे नागपूरकडचे, नोकरीने पुण्याचे झालेले. वाचनाची त्यांना भारी हौस. रविवारी बुद्धविहारात ग्रंथ वाचायचा तो त्यांनीच, खणखणीत आवाजात. हिराबाई चौथी शिकलेल्या. अक्षर लावून वाचता यायचं, पण नवरा वाचतोय म्हटल्यावर त्या आपल्या भाजी निवडत ऐकायच्या.

पहिलं वर्ष मजेत गेलं. पुढे एका संध्याकाळी रामदासरावांनी मला नाकाशी धरलं, लांब धरलं, सदऱ्याने पुसलं आणि म्हणाले, "अक्षरं पुसट यायला लागली. हा फोन बिघडलाय."

मी चकित झालो. माझी अक्षरं तर काळीभोर होती. तरी मनात शंका शिरली. आपलं आपल्याला थोडंच दिसतं?

ते मला कोपऱ्यावरच्या दुकानात घेऊन गेले. तिथला माणूस म्हणाला, "काका, फोन चांगला आहे." त्यांचं समाधान झालं नाही. बसने कसबा पेठेतल्या एका दुकानात गेले. तिथल्या दुकानदाराने मला उलटसुलट करून काउंटरवर ठेवलं. "फोन ठणठणीत आहे. आपली तक्रार काय?"

"अक्षरं फिकी दिसतात."

"मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. इथे फक्त फोन दुरुस्त होतात."

रामदासराव लाल झाले. "बोलायची पद्धत नाही तुम्हाला," म्हणत त्यांनी मला खिशात कोंबलं. घरी आल्यावर हिराबाईंना मात्र म्हणाले, "तो म्हणाला, फोन जुना झालाय." मी पुन्हा बुचकळ्यात पडलो. तो माणूस असं म्हणालाच नव्हता.

मग अक्षरं मोठी करायची म्हणून ते स्वतःच माझ्या सेटिंगमध्ये शिरले. बोट एका ओळीवर जायचं, दाबली जायची दुसरीच. असं चाचपडताना त्यांनी माझी भाषाच बदलून टाकली. एका क्षणात माझी मराठी गेली आणि तिच्या जागी गोल गोल, शेपट्यांची अक्षरं आली. ती थाई भाषा होती. आता हे दचकणार, असं मला वाटलं.

त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "हां, आता जरा बरं झालं."

मित्रांनो, त्या दिवशी माझं डोकंच चालेना. शर्मिलाचे मेसेज तेवढे मराठीत होते, कारण माझी भाषा बदलली तरी कोणी लिहिलेलं बदलत नाही. पण तेही रामदासराव भलतंच वाचायचे. मेसेज असायचा, "एप्रिलमध्ये सुटी मिळत नाही. आईला नीट समजावून सांगा." ते वाचायचे, "थंडी आहे. तब्येत छान आहे. काळजी करू नका." उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवायचे. शर्मिलाचा फोन आला की दोन शब्द बोलून मला हिराबाईंकडे द्यायचे. मी दाखवतो एक आणि हे वाचतात दुसरंच, मग चुकतंय कोण?

एका रविवारी दुपारी शर्मिलाचा फोन आला. हिराबाई उत्साहाने सांगत होत्या, "तुझ्यासाठी कुरडया करून ठेवल्यात. एप्रिलात जयंतीला घरी आहेस ना?"

"आई, मी येत नाहीये. बाबांना लिहिलं होतं की मी!"

फोन ठेवून हिराबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, माझ्यापासून लपवलंत?"

"विसरलो."

"विसरलात? अजून काय काय विसरलात ते बघू द्या मला." त्यांनी चष्मा लावला आणि माझ्यावर बोटं फिरवली. दोन-तीन चित्रं दाबल्यावर सेटिंगचं पान उघडलं. त्या थबकल्या. माझ्या काचेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

रामदासरावांनी मला जवळ घेतलं. "सेटिंग लिहिलंय. तुला नाही कळायचं ते."

"आणि हे खाली?"

"आवाज."

हिराबाईंचा सूर एकदम खाली आला. "अहो, हे मराठी नाही. इंग्रजीही नाही. असली अक्षरं मी जन्मात पाहिली नाहीत."

रामदासरावांनी मला हळूच हिराबाईंच्या हातात परत दिलं.

"कधीपासून दिसत नाही?"

"कडेचं दिसतं. मधोमध काळं येतं. दिवाळीच्या आधीपासून."

"म्हणून विहारात वाचायच्या वेळी घसा बसायला लागला होय तुमचा?"

त्यांनी मान हलवली. "तुला सांगितलं असतं तर तू पोरीला सांगितलं असतंस. ती नोकरी टाकून आली असती."

हिराबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या उठल्या, पाणी आणलं आणि त्यांच्या शेजारी टेकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब झालाय. गेलेलं परत येईलच असं नाही, पण वेळेवर उपचार घेतले तर उरलेलं सांभाळता येईल.

शर्मिलाला सगळं कळलं तेव्हा ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, फोन मेसेज वाचून दाखवू शकतो. पण आधी त्याची भाषा मराठी करावी लागेल. आत्ताची अक्षरं मलाही वाचता येणार नाहीत. तू पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र शोध."

हिराबाईंनी शोधायला घेतलं. आधी टॉर्च लागला, मग अलार्म वाजला. रामदासराव म्हणाले, "बंद पाडशील." त्या म्हणाल्या, "तुम्ही तर देश बदललात!" शेवटी गोळा सापडला आणि भाषांची यादी उघडली. तिथे प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच अक्षरांत असतं. त्यांचं बोट अनोळखी ओळींवरून सावकाश खाली उतरत राहिलं आणि एका जागी थांबलं. "म... रा... ठी. अहो, सापडली!"

मी पुन्हा मराठी झालो आणि आयुष्यात पहिल्यांदा बोललो. माझे उच्चार यथातथाच. मी 'कालजी' म्हणालो तर रामदासरावांनी मला दटावलं, "काळजी म्हण, काळजी!" आणि दोघंही हसले.

मग हिराबाई म्हणाल्या, "दिवाळीपासूनचे सगळे ऐकू." मी एकेक मेसेज वाचत गेलो. बर्फ, ऑफिस, तिथली बेचव भाजी. मध्येच एक आला. "बाबा, तुम्ही हल्ली नुसता अंगठा पाठवता. फोनवरही बोलत नाही. माझं काही चुकलं का? मी इकडे आले म्हणून रागावलात का?"

त्यावरही त्यांनी अंगठाच पाठवला होता.

रामदासरावांनी मला पुढचं वाचू दिलं नाही. "हिरा, तिला फोन लाव," एवढंच म्हणाले. पलीकडून "हॅलो" आलं, तसं त्यांनी मला दोन्ही हातांनी कानाशी धरलं. मग म्हणाले, "शर्मिला, रागावलो नव्हतो गं. मला दिसत नव्हतं."

मित्रांनो, आम्हा यंत्रांची निगा राखा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातलं कोणी सारखं म्हणत असेल की फोन बिघडलाय, तर फोन बाजूला ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. हळूच विचारा, "तुम्हाला बरं आहे ना?"