सातवं झाड

शाळेच्या कुंपणालगतचे नऊ देवदार ताईंनी बियांपासून वाढवले होते. नगरपालिकेच्या रोपवाटिकेत त्या कामाला लागल्या त्याच वर्षी पिशव्यांत बी रुजलं होतं. आता तीस वर्षांनी ताई रोपवाटिका प्रमुख होत्या आणि झाडं शाळेच्या गच्चीवर डोकावत होती. कुणी शेंडा छाटू म्हटलं की ताई अंगावर धावून जात. बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून दरवर्षी पावसाआधी चर स्वतः खणत.

धाकटा भाऊ नगरपालिकेच्या त्याच उद्यान खात्यात वृक्ष अधिकारी होता. त्याला झाडांतलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हापासून ताईंनीच शिकवलेलं. म्हणून एका रविवारी जेवताना त्या सहज बोलून गेल्या, "अरे, सातव्याच्या मुळाशी बुरशी दिसतेय. माती मोकळी करून बघते."

"बघ की," म्हणत त्याने पुन्हा वाढून घेतलं.

तीन आठवड्यांनी करवतीचा आवाज रोपवाटिकेपर्यंत आला. ताई धापा टाकत पोहोचल्या तोवर पहिले सहा आडवे झाले होते. त्यांनी खुंटांवर हात फिरवला. लाकूड घट्ट, कोरडं, घमघमणारं. कूज औषधालाही नव्हती.

मुकादमाने कागद दाखवला. 'नऊही झाडांना मूळकूज. धोकादायक. माहिती: रोपवाटिका प्रमुख.' खाली भावाची सही. तिथे म्हणे गाड्या लावायची सोय होणार होती.

भाऊ पलीकडेच उभा होता.

"मी एका झाडाचं बोलले होते," ताई म्हणाल्या.

"वरून दबाव होता गं. कारण तर दाखवावं लागतंच ना. आणि तूच म्हणालीस..."

"घरात म्हणाले. तुला म्हणाले."

तो बुटाने भुसा उकरत राहिला.

ताईंनी मुकादमाकडून पेन मागून घेतलं आणि त्याच कागदावर लिहिलं, 'ही माहिती माझी नाही. फक्त सातवं झाड आजारी आहे. ते बरं होऊ शकतं.' खाली सही ठोकली.

मुकादम चपापला. "उद्या हे माझ्या गळ्यात यायचं," म्हणत त्याने करवत थांबवली.

चौकशी बसली. उरलेली तीन झाडं वाचली, भावाची दुसऱ्या खात्यात बदली झाली. ताईंनी सातव्याची कुजकी साल खरवडली, मुळांना ऊन दाखवलं.

एका संध्याकाळी भाऊ घरी आला. "आपण दोघंच तर आहोत, ताई."

त्यांनी पाणी दिलं, चहा टाकला.

"झाडं कशी आहेत?" त्याने विचारलं.

सातव्याला नवी पालवी फुटली होती. ओठांवर आलेलं ते ताईंनी गिळलं. "बरी आहेत," म्हणाल्या आणि चहा गाळायला उठल्या.