पाचव्या मजल्यावरची रवण

मी तांबी बोलतेय, गावठी कोंबडी. जरा हळूच बोलते, कारण आमच्या मुलुंडच्या सोसायटीत माझा आवाज कोणाला खपत नाही.

जन्म माझा मढ गावचा, सुगंधाच्या अंगणातला. तिने मला तिच्या मैत्रिणीला, शेवंतीमावशीला दिलं. मावशी तेव्हा बैठ्या चाळीत राहायची आणि मी दिवसभर उकिरडा उकरायचे. चाळ पाडून टॉवर आला, तशी मावशीसोबत मीही लिफ्टने पाचव्या मजल्यावर आले. मावशीला दुसरं कोणी नाही. भाजी निवडताना ती माझ्याशीच भांडते. "बघतेस काय गं? तुला पण पाहिजे ना?" म्हणते आणि देठं टाकते.

मग सोसायटीने नियम केला: घरात कोंबड्या-बकऱ्या पाळायच्या नाहीत. खोटं कशाला बोलू, खालच्या रेवतीवहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर मी घाण केलेली आहे. त्यांचा राग खरा आहे. सेक्रेटरी नंदकिशोर सांगून गेले, "मावशी, रविवारपर्यंत हिला मढला पाठवा."

मी तेव्हा खुडूक झाले होते, अंडी द्यायचं सोडून कोपऱ्यात फुगून बसलेली. मावशीने दुसऱ्याच दिवशी मढ गाठलं. सुगंधाकडे कोंबडा आहे, म्हणून तिथली अंडी आणून माझ्याखाली सारली. रविवारी नंदकिशोर आले, तर मावशी दारात आडवी.

"रवणीला बसलीय ती. बाळंतिणीला घराबाहेर काढणार काय तुम्ही?"

ते डोकं खाजवत परत गेले. पिल्लं निघेपर्यंत मुदत मिळाली.

तेव्हापासून ऑफिसातून येताना ते रोज विचारतात, "फुटली का?" आधी दरडावून विचारायचे. आता चप्पल काढून आत येतात, वाकून बघतात.

मला आई व्हायचंय हो, फार व्हायचंय. पण पिल्लं निघाली की हे घर सुटणार. मग मावशी कोणाशी भांडेल? या विचाराने अंड्यांवर बसल्या बसल्या माझा जीव कासावीस होतो.

आज माझ्याखाली टकटक झाली. तेवढ्यात बेल वाजली.

"फुटली का, मावशी?"

"छे हो, कुठे अजून!"

नेमकं तेव्हाच माझ्या पंखाखालून कोणीतरी चिवचिवलं. मावशीचा चेहरा उतरला. नंदकिशोरांनी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्यामागे दार लोटून हळूच म्हणाले, "टीव्हीचा आवाज वाढवा ना जरा. खाली वहिनींना ऐकू जाईल."

तुम्हीही ऐकलंत ना? मग कृपा करा, एवढ्यात कुणाला सांगू नका.