सासऱ्यांचं तिसरं बोट

रक्त काढण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मीच सगळ्यांना सांगत फिरतो. बावीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काढलीत, काही गंमत आहे का! सासुरवाडीत तर माझा भाव भलताच वधारलेला. मधुमेही सासरे साखर तपासायला माझ्याशिवाय कोणाला बोट देत नाहीत.

त्या सकाळी बायकोचा माहेरून फोन आला. सासऱ्यांना दोन दिवस उलट्या होत होत्या, आता उठवतही नव्हतं. मी यंत्र घेऊन रुबाबात पोचलो. त्यांचे हात गारठलेले. पहिलं बोट टोचलं, थेंब येईना. दुसऱ्यातूनही नाही. शहाण्या माणसाने इथेच थांबावं. मी तिसरं बोट टोचून लिंबासारखं पिळलं.

यंत्राने बासष्ट दाखवले. साखर उतरलीय, मी निदान ठोकून दिलं. बायको म्हणाली, आधी इस्पितळात नेऊ या. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि सासऱ्यांना पेलाभर साखरेचं पाणी पाजलं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निमूटपणे पेला रिकामा केला.

तरतरी यायची ती राहिलीच, ते आणखी गळाले. बायकोने मला न विचारता रुग्णवाहिका बोलावली.

इस्पितळात नर्सने शिरेतून रक्त घेतलं. साखर पाचशे चाळीस. त्यांच्या निळ्या बोटांकडे बघत तिने विचारलं, इथून कोणी घेतलं? मी छताकडे बघू लागलो. हात गार पडलेत, अंगातलं पाणी आटलंय, तर बोटातल्या रक्तावर विसंबू नका, शीर धरा, हे नव्या लोकांना दर महिन्याला घसा फोडून मीच सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन दिवस सासरे अतिदक्षता विभागात होते आणि मी बाहेर बाकावर. इतका घाबरलो होतो की बायकोशी नजर मिळवता येत नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. मी धीर करून सांगून टाकलं, की चूक माझी होती, ते पाणी द्यायलाच नको होतं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "साखर चढली की कसं होतं, ते मला इतक्या वर्षांत कळायला लागलंय. ते पाणी नको होतं मला."

"मग प्यालात कशाला?"

"तुम्ही दिलंत म्हणून."