बरोबरीत सुटलेला सामना

बेसबॉलच्या सामन्याचा नववा डाव संपला तेव्हा फलकावर पाच-पाच होते. एमेट झुपाननं पेन्सिलीला टोक काढलं आणि गुणपत्रिकेवर दहाव्या डावाचा रकाना आखायला घेतला. तेवढ्यात दोन्ही प्रशिक्षकांनी एकमेकांना हात केला आणि खेळाडूंनी सामान आवरायला सुरुवात केली.

एरवी निकाल लागेपर्यंत डाव वाढवत नेतात, पण हंगामाआधीचे वसंतातले सराव सामने असे बरोबरीत सोडून देतात, हे एमेटला माहीत नव्हतं असं नाही. ओहायोत बर्फ उपसता उपसता साठ वर्षं तो पेपरात हे वाचत आला होता. पण वाचणं वेगळं आणि डोळ्यांदेखत बघणं वेगळं. त्याचं डोकंच फिरलं.

"चल डॅड," कोरिन, त्याची मुलगी, पर्स उचलत म्हणाली. "पाचच्या आत त्या बाईंना कळवायचंय."

त्या बाई म्हणजे म्हाताऱ्यांच्या वसाहतीच्या व्यवस्थापक. मैदानापासून दहा मिनिटांवर तिथलं एक घर रिकामं झालं होतं. जानेवारीत एमेट स्वतःच्या पायऱ्यांवर घसरून पडला आणि पोस्टमन येईपर्यंत चाळीस मिनिटं बर्फात पडून राहिला, तेव्हापासून कोरिन हात धुऊन त्याच्या मागे लागली होती. पोरगी हुशार. नेमका ओहायोच्या संघाचा तिथला सराव सुरू होण्याच्या आठवड्यात तिनं बापाला आपल्याकडे, उबदार ॲरिझोनात बोलावलं. आणि बापही विरघळला होता. ऊन छान होतं, गुडघा दुखत नव्हता. सकाळी तो "बघू" म्हणाला होता, आणि एमेटचं "बघू" म्हणजे पाऊण होकार.

"दहावा डाव खेळायचाय अजून," तो बसूनच म्हणाला.

"नाही खेळत ते. सराव आहे हा."

"मग फलकावर गुण कशाला लावतात?"

सामनाभर त्याची टकळी चालूच होती. चेंडू टाकायला घड्याळ लावलं, म्हणजे हा खेळ आहे की अंडी उकडणं? चांगला गोलंदाज तिसऱ्या डावात घरी पाठवला. पाचव्यानंतर मैदानात सगळे नव्वदच्या वरचे आकडे पाठीवर घेतलेले नवखे, ज्यांची नावं त्यांच्या आयांनाच माहीत. कोरिननं सगळं मुकाट ऐकून घेतलं होतं, कारण होकार जवळ आला होता.

मर्ल पायऱ्या उतरत आला. प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करणारा स्वयंसेवक, तोही मूळचा ओहायोचाच, चार वर्षांपूर्वी त्याच वसाहतीत आलेला. कोरिननंच दोघांची ओळख करून दिली होती.

"मस्त झाला ना सामना?" मर्ल म्हणाला.

"कोण जिंकलं?" एमेटनं विचारलं.

"कोणीच नाही. तीच तर गंमत आहे." मर्ल त्याच्या शेजारी टेकला. "खरं सांगू? आता मला काही वाटतच नाही. तिकडे संघ हरला की मी दोन दिवस बायकोशी बोलायचो नाही. आता निकालसुद्धा बघत नाही. झोप काय लागते!"

"गेल्या वर्षी शेवटचा सामना किती फरकानं हरलो आपण?"

मर्लनं टोपी मागं सारून विचार केला. "हरलो होतो का?"

एमेट त्याच्याकडे बघत राहिला. माणूस भला होता, तब्येत ठणठणीत होती, आणि त्याला आठवत नव्हतं. बर्फात पडून असतानाही एमेटला इतकी भीती वाटली नव्हती.

मर्ल गेल्यावर तो म्हणाला, "मी येत नाही इथे."

"डॅड, आता नको हं."

"मला हरायचंय, कोरिन. एप्रिलच्या गारठ्यात, घोंगडी पांघरून, खरोखरचं हरायचंय. रात्रभर चरफडायचंय. इथे महिन्याभरात माझा मर्ल होईल."

"आणि परत पडलास तर?" तिचा आवाज चिरकला. "चाळीस मिनिटं! मला पोस्टमनकडून कळलं. तुला कळतं का माझं काय झालं असेल?"

ते त्याला कळत होतं. म्हणूनच इतके दिवस त्यानं सरळ नकार दिला नव्हता. पण तो बधला नाही.

कोरिननं नंबर लावला आणि फोन त्याच्यापुढे धरला. "तूच सांग त्यांना. मी सांगणार नाही."

एमेटनं सांगितलं. त्या बाई गोड बोलल्या. घर यादीतल्या पुढच्या माणसाला जाईल आणि पुन्हा दोन-तीन वर्षं नंबर लागणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट केलं. "द्या त्याला," एमेट म्हणाला. फोन परत देऊन त्यानं गुणपत्रिकेची घडी घातली आणि खिशात ठेवली.

कोरिननं गाडी रस्त्याला लावली.

"तुझं काही झालं तर मी रडणार नाही," ती म्हणाली. "आधी भांडेन तुझ्याशी."

"भांड की. पण जिंकू मात्र देणार नाही."

"तेच तर. तेव्हा भांडायला तू असशील कुठे?" कोरिन म्हणाली आणि गाडी कडेला घेऊन हमसून रडली. एमेट तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. तिची माफी मागावी असं त्याला फार वाटलं, पण मागितली असती तर तिनं त्याला इथेच ठेवून घेतलं असतं.