मला एकदाच बोलवा

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे.

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे.

नाही मित्रांनो, छापणाऱ्याची चूक नाही. मला दोनदा बोलावले आहे, म्हणून मी दोनदा बोलते.

मी म्हणजे संगणकाला दिलेल्या चार आज्ञा; माझी भाषा जावास्क्रिप्ट. डायलिसिस केंद्राच्या वेबसाइटवर ‘आजची वेळ’ असे बटण आहे. ते दाबले की रुग्णांच्या वेळांचा मिटलेला तक्ता उघडायचा, उघडा असेल तर मिटायचा, एवढेच माझे काम. मला लिहिणाऱ्या बाई फार काटेकोर. त्यांनी माझ्या माथ्यावरच लिहून ठेवले :

// मला एका पानावर एकदाच बोलवा.

सहा वर्षे तक्रार नव्हती. कौतुकही नव्हते म्हणा!

मग नवे वेब-व्यवस्थापक आले. वेबसाइटचे पान मॉड्यूलचे, म्हणजे सुट्या कप्प्यांचे बनते. त्यांना सूचनांसाठी एक कप्पा हवा होता. त्यांनी माझ्याच कप्प्याची नक्कल उचलली, खाली चिकटवली, मजकूर बदलला. आत मी तशीच. पहिली ओळ वाचली?

छे!

आता बटण दाबले की वरची मी तक्ता उघडते आणि खालची मी तत्क्षणी मिटवते. मीच मला खोटे पाडते!

मंगळवारी एका मुलीने वडिलांसाठी बटण दाबले. नऊ वेळा. शेवटी तिने व्यवस्थापकांना फोन केला.

“अहो, पापणी लवते तसं उघडतंय नि मिटतंय!”

“ताई, माझ्याकडे छान दिसतंय. तुमचा मोबाइल जुना असेल.”

“मग तुम्हीच सांगा ना वेळ.”

“वेळ साइटवर आहे ना!”

त्यांना दिसणारच! ते संपादनाच्या खिडकीत एकेक कप्पा सुटा पाहत होते. तिथे मी एकटी असते.

वडील नेहमीप्रमाणे बाराला पोहोचले. त्या दिवशी त्यांची वेळ दहाची होती. खुर्ची दुसऱ्याला गेली होती. सुजलेले पाय घेऊन ते परतले, ते थेट दुसऱ्या दिवशी आले.

मुलगी व्यवस्थापकांच्या टेबलासमोर कडाडली. व्यवस्थापक पुटपुटले, “स्क्रिप्टच भंगार आहे. काढून टाकतो.” त्यांनी सूचनांच्या कप्प्यातून मला पुसले.

बटण दाबले. तक्ता उघडला. उघडाच राहिला.

“बघा! स्क्रिप्ट गेली, पीडा गेली.”

गेली? मग तक्ता उघडला कोणी, तुमच्या काकांनी?

पुढच्या खेपेला मुलीने बटण एकदाच दाबले. वडील दहाच्या आधी खुर्चीत बसले होते. आभार मानले गेले व्यवस्थापकांचे.

मित्रांनो, मला हारतुरे नकोत. पण कोणाचे काम उचलून दुसरीकडे चिकटवाल, तेव्हा त्याची पहिली ओळ तरी वाचा. तुमच्या आळसाची शिक्षा कोणाच्या तरी पायांना होते.

आता नीट ऐका.

मी एक जुनी स्क्रिप्ट आहे.